चावी अर्ध्यावर

पेन्सिल ते नेहमी डाव्या कानावर ठेवत. उजवा कान कामाचा, म्हणून मोकळा.

गाडी दारात आली की आधी तिच्याभोवती एक फेरी मारत. हात मागे बांधलेले, जणू सोयरीक बघायला आलेत. "काय झालंय?" असं कधी विचारत नसत. "घरी कुठे उभी असते?" हा पहिला प्रश्न. "शेवटचं हिच्यात कोण बसलं होतं?" हा दुसरा.

गाडी 'बिघडली' असं म्हणत नसत. 'रुसली' म्हणत. अगदीच हाताबाहेर गेली असेल तर 'हट्टाला पेटली'.

लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावत आणि डोळे मिटत. अशा वेळी कोणी बोललं तर डोळे न उघडता एक बोट वर करत.

जेवणाआधी लाकडाचा भुसा आणि साबण लावून कोपरापर्यंत हात धूत. आणि तरीही चमच्याने जेवत.

दुसऱ्याच्या गाडीत बसताना बूट बाहेर काढून ठेवत.

आणि चावी. चावी घातली की ती अर्ध्यावरच फिरवत. समोरचे दिवे लागत. मग ओठांतल्या ओठांत एक वाक्य म्हणत: "उठा आता, दिवस कासराभर वर आला." ते झालं की चावी पूर्ण फिरवत, सेल्फ घरघरू लागे, आणि तेच वाक्य पुन्हा. हे दुसरं म्हणणं म्हणजे त्यांचं घड्याळ. ठणठणीत इंजिन 'उठा'ला उठे. थकलेलं 'दिवस'पर्यंत ओढे. 'आला' म्हणून झालं तरी घरघर चालूच असेल, तर ते चावी सोडून बॉनेट उघडत. वहीतही तसंच लिहीत. 'निळी गाडी, कासराभर.' ती वही त्यांच्याशिवाय कोणाला लागत नसे.

वाक्य त्यांच्या उस्तादांचं. उस्ताद म्हणायचे, "आधी दिवे बघ. माणसाला उठवण्याआधी आपण खिडकी उघडतो की नाही?" उस्ताद जाऊन वीस वर्षं झाली होती. खिडकी उघडायची सवय राहिली होती.

त्यांना सगळे कानसेन म्हणत. लहानपणी आईने त्यांना गाणं शिकायला पाठवलं होतं. दोन महिन्यांनी गाण्याच्या मास्तरांनी पोराला घरी आणून सोडलं आणि म्हणाले, "गळा नाही हो याला. कान मात्र चांगला आहे, दुसरीकडे कुठे लागतो का बघा." आई म्हणाली, तानसेन व्हायला पाठवला, कानसेन होऊन परत आला. तो कान मग गॅरेजमध्ये लागला. दोन गाड्या मावतील एवढी जागा, वर एक काचेचं कौल, आणि भिंतीवर प्रत्येक हत्याराच्या आकाराची खडूने काढलेली बाह्यरेषा. हत्यार जागेवर नसलं तर भिंतीवर त्याचं भूत दिसे.

पोस्टबाई आल्या तेव्हा कानसेन त्रेसष्ट वर्षांचे होते.

पोस्टबाई चौऱ्याहत्तरच्या. चौतीस वर्षं त्यांनी टपाल कार्यालयाची खिडकी सांभाळली होती. अजूनही कोणी कागद पुढे केला की आधी त्याचं वजन केल्यासारखा तळहातावर धरत. सोबत त्यांचा मुलगा होता. तो दातांचा डॉक्टर. बोलणं त्यानेच सुरू केलं.

"रोज सकाळी मी वरच्या मजल्यावर दाढी करत असतो. खाली आई गाडी चालू करते. घर्र, घर्र, घर्र. शेवटी कधीतरी लागते. मी खाली जातो, बंद करतो, परत चालू करतो. एका फटक्यात. रोज."

"घरी कुठे उभी असते?" कानसेननी विचारलं.

"अंगणात. सपाट जागा आहे. पण मिस्त्री, प्रश्न गाडीचा आहे असं मला वाटत नाही." त्याने आवाज खाली आणला. "जिला गाडी चालू करता येईना झालीये, तिला ती वेळेवर थांबवता येईल का?"

"मी इथेच उभी आहे," पोस्टबाई म्हणाल्या. "माझ्याबद्दल बोललेलं मला ऐकू येतं."

"आई, गेल्या महिन्यात तुझा चष्मा फ्रिजमध्ये सापडला."

"कुठेतरी ठेवावाच लागतो."

कानसेननी पटकन मान वळवून खोकल्यासारखं केलं.

गाडी तीन रात्री गॅरेजमध्ये राहिली. तिन्ही सकाळी कानसेन बूट काढून आत बसले, चावी अर्ध्यावर, दिवे, वाक्य, मग पूर्ण. तिन्ही वेळा ती 'उठा'लाच उठली. त्यांनी बॅटरी तपासली. सेल्फ तपासला. ठिणगीचे प्लग काढून रांगेत मांडले, चारही सारख्याच तपकिरी. हवेची जाळी स्वच्छ. स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून दहा मिनिटं ऐकलं. इंजिन गोष्ट सांगितल्यासारखं चालत होतं.

त्यांनी डॉक्टरला फोन केला. "गाडीला काही नाही."

"मला वाटलंच होतं," डॉक्टर म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता. त्या दिवसापासून चावी त्याच्या दवाखान्याच्या खणात गेली.

दोन दिवसांनी पोस्टबाई बसने आल्या. घाम पुसला. स्टुलावर बसल्या. पर्स मांडीवर उभी धरली.

"तुम्ही त्याला काय सांगितलंत?"

"दिसलं ते."

"गाडीला काही नाही?"

"नाही."

"म्हणजे मला आहे."

कानसेननी फडक्याला हात पुसले.

"सरळ हिशोब आहे. दोघींपैकी एक रुसलीये. तुम्ही एकीला सोडलंत."

कानसेननी पेन्सिल कानावरून काढली आणि परत ठेवली.

"माझी थोरली बहीण गावाच्या त्या टोकाला राहते," पोस्टबाई म्हणाल्या. "तिला दिसत नाही. रोज आठ वाजता मी तिला पेपर वाचून दाखवते. तिकडे बस जात नाही. आता शेजारीण वाचते. पण ती कोण वारलं ते गाळते, ताईला वाईट वाटेल म्हणून. ताईला आधी तेच हवं असतं. काल म्हणाली, पाच दिवसांत गावात कोणीच मेलं नाही, मला काहीतरी काळंबेरं वाटतंय."

कानसेन हसले. मग हसू आवरलं, कारण बाई हसत नव्हत्या.

"उद्या सकाळी घरी येतो," ते म्हणाले. "तुम्ही चालू कशी करता, तेवढं मला बघायचंय."

"चावी त्याच्याकडे आहे."

"मागू की. चावीच आहे, किडनी नाही."

दुसऱ्या सकाळी ते अंगणात उभे राहिले. डॉक्टर वरच्या खिडकीत, अर्ध्या गालाला फेस. पोस्टबाई गाडीत बसल्या. पट्टा लावला. आरसा बोटाने हलवला. पर्स शेजारच्या सीटवर नीट बसवली. गिअर तपासला. हे सगळं झाल्यावर चावी घातली आणि एका दमात फिरवली.

घर्र, घर्र, घर्र.

कानसेन वाक्य म्हणू लागले. 'आला' संपलं. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्या 'दिवस'ला इंजिन लागलं.

त्यांच्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हे. वीस वर्षांनी एखादं नवीन कोडं भेटल्यावर येतो तसा. बाईंची चूक कुठेही नव्हती. हात स्थिर, कान जागा, इंजिन लागताच चावी सुटली होती. गाडी खरंच रुसत होती. पण त्यांच्यावर नाही, फक्त बाईंवर.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तेच अंगण, तीच वेळ. या वेळी कानसेन स्वतः बसले. बूट बाहेर. 'उठा'ला उठली.

"बघा," वरून डॉक्टर म्हणाला.

त्यांनी बघितलं. सायकलवर बसून निघून गेले.

डोक्यात भुंगा शिरला. त्यांनी वहीत दोन रकाने पाडले. एकीकडे बाई, एकीकडे आपण. सकाळ तीच. थंड इंजिन तेच. पेट्रोल तेवढंच. डॉक्टर तर हिशोबातच नाही, तो नेहमी बाईंच्या नंतर बसतो, तोवर गाडी एकदा चालू झालेली असते. बाई त्यांच्यापेक्षा पंचवीस किलोने हलक्या. म्हणून त्यांनी एक दिवस गाडी मागून घेतली, सीटवर बाईंच्या वजनाचं वाळूचं पोतं ठेवलं आणि खिडकीतून हात घालून चालू करून पाहिली. 'उठा.' जाणाऱ्या-येणाऱ्यांनी पोत्याकडे पाहिलं. कानसेननी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

रविवारी बायकोला तिच्या भावाकडे सोडायचं होतं. ते आपल्या जुन्या गाडीत बसले, चावी अर्ध्यावर फिरवली, ओठ हलले.

"झाली का प्रार्थना?" बायको म्हणाली. "उशीर होतोय."

"कसली प्रार्थना?"

"मला काय विचारता? तीस वर्षं बघतेय. दिवे लागले की तुमचं तोंड भाविक होतं आणि पुटपुटायला लागता. देवाचं नाव घेताय म्हणून मी मध्ये बोलत नाही."

"अगं, प्रार्थना नाही ती. उस्तादांचं वाक्य आहे."

"असेल. आणि तेवढ्या वेळात मागच्या बाजूला काहीतरी गुणगुणतं, ते काय? मला वाटायचं तुम्हाला साथ करतंय."

कानसेनचा हात चावीवरच राहिला.

त्यांनी चावी बंद केली. पुन्हा अर्ध्यावर आणली. मागच्या सीटखालून बारीक 'झूं' आलं, दोन सेकंद, आणि थांबलं. पेट्रोलचा पंप. चावी अर्ध्यावर आली की तो टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत ढकलतो आणि दाब भरला की गप्प बसतो. हा आवाज ते हजारो वेळा ऐकत आले होते. इतक्या वेळा की ऐकू येईनासा झाला होता. ज्याच्या कानाचं गावात नाव, त्याला ते बायकोने सांगावं लागलं.

"मीच," ते म्हणाले.

"काय मीच?"

"मीच तिला आधी जागं करतो. आणि मग म्हणतो, ही तर जागीच होती."

बायकोने खिडकीबाहेर बघितलं. "बरं. आता भावाकडे जायचं की नाही?"

सोमवारी त्यांनी गाडी पुन्हा आणली. पेट्रोलच्या नळीला दाब दाखवणारा काटा जोडला. इंजिन चालू केलं, बंद केलं, आणि घड्याळ समोर ठेवून काट्याकडे बघत बसले. चांगल्या गाडीत काटा तासन्‌तास जागचा हलत नाही. हा हलला. पंधरा मिनिटांत शून्यावर आला. मग मागच्या बाजूला, टाकीकडून येणारी नळी चिमट्यात आवळून पुन्हा तेच केलं. आता काटा हलेना. म्हणजे पेट्रोल पुढे इंजिनात गळत नव्हतं, मागे टाकीत परत जात होतं. पंपाच्या तोंडाशी एक इवलंसं झाकण असतं. पेट्रोलला पुढे जाऊ देतं, मागे येऊ देत नाही. विहिरीच्या पंपाला असतं तसंच, ते खराब झालं की पाणी उतरतं आणि सकाळी पंप कोरडा घरघरतो. इथे पेट्रोल उतरत होतं. रात्रभरात नळी रिकामी. कानसेन चावी अर्ध्यावर ठेवून वाक्य म्हणत, तेवढ्यात ती भरून निघे. बाई थांबत नव्हत्या. त्यांच्या नशिबी रिकामी नळी येत होती.

संध्याकाळी त्यांनी गाडी अंगणात परत नेऊन ठेवली आणि बाईंना फोन करून एवढंच विचारलं, "तुम्हाला गाडी कोणी शिकवली?"

"टपालाच्या गाडीवरच्या ड्रायव्हरने. पन्नास वर्षं झाली."

"चावीबद्दल काही सांगितलं होतं त्याने?"

"हो तर. म्हणायचा, अर्ध्यावर रेंगाळायचं नाही, बॅटरी खाते. पत्र पेटीत टाकताना कोणी अर्ध्यात थांबतं का?"

"बरोबर होतं त्याचं," कानसेन म्हणाले. "त्या काळच्या गाड्यांना."

मंगळवारी सकाळी ते अंगणात गेले तेव्हा डॉक्टरला खालीच बोलावून घेतलं. पोस्टबाई पायरीवर बसल्या.

"डॉक्टर, आज तुम्ही. आईच्या आधी."

"मी? माझ्या हातून लगेच लागते."

"लागू दे. फक्त एक करायचं. पट्टा, आरसा, सगळं आधी. चावी शेवटी, आणि घातली की मध्ये कुठे थांबायचं नाही. दिवे बघायचे नाहीत."

डॉक्टरने खांदे उडवले. बसला. चावी एका दमात फिरवली.

घर्र, घर्र, घर्र.

कानसेन आज वाक्य मोठ्याने म्हणत होते. पहिल्यांदाच कोणीतरी ते नीट ऐकलं. 'आला' झालं. पुन्हा 'उठा' झालं. डॉक्टरचा चेहरा बदलत गेला. दुसऱ्या 'दिवस'ला इंजिन लागलं. त्याने चावी सोडली आणि हात स्टिअरिंगवर तसाच ठेवला.

"चष्मा कुठे ठेवलास तुझा?" पायरीवरून पोस्टबाई म्हणाल्या.

"आई."

"सहज विचारलं."

कानसेननी गाडी बंद करायला लावली. "आता पाव तास थांबू. मग चावी अर्ध्यावर आणायची, माझं वाक्य एकदा होऊ द्यायचं, मग पूर्ण." पाव तासात चहा झाला. मग डॉक्टरने तसं केलं. ती 'उठा'ला उठली.

डॉक्टरने गाडी बंद करून चावी काढली. मग म्हणाला, "आमच्याकडे असा एक दात असतो. टिचकी मारली तर दुखत नाही. फोटोत दिसत नाही. पेशंट जसा चावतो तसं चावून सोडलं, तरच कळ येते. शिकताना पहिल्याच वर्षी सांगतात, पेशंट खोटं बोलतोय असं समजू नका."

"त्या दिवशी मी म्हणालो, गाडीला काही नाही," कानसेन म्हणाले. "ते चुकलं. होतं. मी रोज झाकत होतो. माझ्या शब्दावर तुम्ही चावी काढून घेतलीत, म्हणून तुमच्यासमोर सांगतो."

डॉक्टर खाली उतरला. चावी आईच्या पुढे धरली. तिने ती तळहातावर घेतली, वजन केल्यासारखी.

"मग आई आता अर्ध्यावर थांबेल," तो म्हणाला. "दोन सेकंदांचा तर प्रश्न."

"आई थांबणार नाही," पोस्टबाई म्हणाल्या. "पन्नास वर्षांची सवय आहे. दोषी ती आहे, मी का सुधारू? मिस्त्री, पंप बदला."

"बदलतो."

"आणि ते झाकण मला बघायचंय. इतके दिवस माझ्या नावावर जे खपत होतं, त्याचं तोंड तरी बघते."

"ते पंपाच्या आत असतं, बाई. कापावा लागेल."

"कापा."

कानसेनच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखं काहीतरी आलं. त्यांनाही तेच बघायचं होतं. झिजलंय, की कचऱ्याचा कण अडकलाय, की मुळातच वाकडं बसवलं होतं? अशी झाकणं वर्षानुवर्षं टिकतात. हे का नाही टिकलं?

"शनिवारी दहाला या," ते म्हणाले. "मीही आत्ताच बघणार नाही. दोघं मिळून बघू."

गुरुवारी नवा पंप बसला. त्यांनी संध्याकाळी गाडी स्वतः अंगणात नेऊन ठेवली. शुक्रवारी सकाळी बाईंनी चावी एका दमात फिरवली. डॉक्टरने वरून घड्याळ लावलं होतं. एक सेकंदही लागला नाही. आठला पाच मिनिटं कमी असताना त्या बहिणीकडे पोचल्या आणि मधल्या दिवसांत कोण कोण गेलं ते सगळं वाचून दाखवलं. बहीण म्हणाली, आता जरा बरं वाटतंय.

त्याच शुक्रवारी दुपारी कानसेन जेवले, चमचा धुतला, आणि गॅरेजमधल्या बाकावर जरा पडले. तिथेच गेले. आधी कसलीही तक्रार नव्हती. बायकोने चारला फोन केला, पाचला केला, सहाला स्वतः आली.

पोस्टबाईंना कळवायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही. शनिवारी दहाला त्या आल्या. शटर अर्धं उघडं होतं. आत स्टुलावर त्यांची बायको बसली होती. तिने सांगितलं. पोस्टबाईंनी विचारलं, इथे बसू का, आणि बाकावर न बसता एका टायरवर बसल्या.

समोर शिकंज्यात जुना पंप आवळलेला होता. त्याच्या लोखंडी अंगावर गोल फिरून पेन्सिलची रेघ, कुठे कापायचं त्याची. रेघेवरून करवत अर्ध्यापर्यंत उतरली होती आणि कापातच उभी होती. खाली वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर लोखंडाचा बारीक कीस. अजून बोटभर कापायचं राहिलं होतं.